आधी हक्काचं, मग दयेचं: घरकामाच्या मावशींशी ख्रिस्ती घराने कसं वागावं, पायरी-पायरीने

बहुतेक ख्रिस्ती घरांत कामाला येणाऱ्या मावशींशी कुणी मुद्दाम वाईट वागत नाही. नाताळात करंज्यांचा डबा जातो, साड्या जातात, त्यांच्या घरात कुणी आजारी असेल तर प्रार्थना होते. पण त्याच घरात पगार पाच तारखेऐवजी अकराला निघतो, दोन खाडे कापले जातात आणि रविवारी उपासनेनंतर जेवायला आलेल्या आठ पाहुण्यांची भांडी त्याच पगारात घासून घेतली जातात. मन चांगलं असूनही असं होतं, कारण क्रम उलटा लागलेला असतो. भेट आधी दिली जाते आणि देणं मागे राहतं.

बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात (४:१) धन्यांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत: न्याय आणि समता. आणि कारणही दिलंय, की तुमचाही धनी स्वर्गात आहे. दयेचा उल्लेख त्या वचनात नाही. दया नको असा त्याचा अर्थ नव्हे. पण ज्या बाईचं हक्काचं देणं थकलंय, तिला साडी दिली की ती साडी उपकार होऊन बसते, आणि उपकाराखाली दबलेल्या माणसाला पगार मागायला तोंड उरत नाही. म्हणून इथे आधी हक्काच्या पायऱ्या आहेत आणि दयेच्या नंतर. हा क्रम मोडू नका.

हे सगळं धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्या अशा कामांना येणाऱ्या मावशी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. ड्रायव्हर, माळी किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी ताई यांनाही थोड्या फरकाने लागू पडेल.

तयारी: मावशींशी काहीही बोलण्याआधी

लागणारं सामान थोडंच आहे. एक शंभर पानी वही, तारखांचे मोठे चौकोन असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, एक पेन आणि घरातले सगळे मोठे एकत्र बसतील अशी एक संध्याकाळ.

त्या संध्याकाळी बायबलमधले चार उतारे मोठ्याने वाचा: अनुवाद २४:१४-१५, ईयोब ३१:१३-१५, रूथचा दुसरा अध्याय आणि इफिसकरांस पत्र ६:९. वाचून झाल्यावर चर्चेला लगेच हात घालू नका. प्रत्येकाने कागदावर एकच गोष्ट लिहावी: गेल्या महिन्यात या घरात मावशींना कशाची वाट पाहावी लागली? उत्तरं वेगवेगळी येतील. कुणी पगार लिहील, कुणी दार उघडायला लागलेली दहा मिनिटं, कुणी प्यायचं पाणी.

मग एक गोष्ट ठरवा. मावशींना काम सांगणारी व्यक्ती एकच असेल. सासूबाई म्हणतात आधी भांडी, सून म्हणते आधी फरशी, मुलगा म्हणतो आधी माझी खोली, आणि बोलणी खावी लागतात मावशींना. निम्म्या तक्रारी इथेच उगवतात.

१. कामाचा खरा हिशेब मांडा

सात दिवस मावशी किती वाजता आल्या आणि किती वाजता गेल्या, ते वहीत लिहा. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी नव्हे, आपल्या पगाराचा ताळा घेण्यासाठी. त्यांना पहिल्याच दिवशी तसं सांगा, नाहीतर वही बघून त्या धसका घेतील.

समजा भांडी आणि केर-फरशी मिळून रोज दीड तास लागतो आणि पगार महिना ३,००० रुपये आहे. आठवड्याची एक सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३९ तास. तासाला साधारण ७७ रुपये पडले. आता हा आकडा तुमच्या भागात चालू असलेल्या दराशी ताडून बघा. शेजारच्या तीन-चार घरांत विचारा, पण सर्वांत कमी देणाऱ्या घराचा दर प्रमाण धरू नका. मावशींना यायला-जायला बस किंवा रिक्षा लागत असेल तर तोही खर्च मोजा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वाढलेलं काम न मोजणं. चार वर्षांपूर्वी घरात तीन माणसं होती, आज सून आणि बाळ धरून पाच आहेत. कपडे वाढले, डबे वाढले, पगार मात्र तीन माणसांचाच राहिला. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नको असं म्हटलंय. न मोजलेलं काम म्हणजे कायमची ठेवून घेतलेली मजुरी.

तपासा: पगार शेवटचा कधी वाढला, ते साल तुम्हाला लगेच आठवतं का? आठवत नसेल तर पुढच्या पायरीवर जाण्याआधी वाढ ठरवा.

२. बोलणी करा, आणि बसून करा

नवीन मावशी ठेवताना असो वा जुन्यांशी नव्याने ठरवताना, दारात उभ्याने बोलू नका. त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या आणि कामाच्या वेळेतली वीस मिनिटं यासाठी काढा. काम उरकल्यावर थांबवलंत तर त्यांचं लक्ष पुढच्या घराकडे लागलेलं असतं आणि त्या कशालाही हो म्हणतील.

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहायचं:

- कोणती कामं पगारात, कोणती नाहीत (खिडक्या, पंखे, पडदे, पाहुण्यांची भांडी स्वतंत्र)
- यायची साधारण वेळ
- पगार आणि पगाराची तारीख
- आठवड्याची सुट्टी आणि वर्षाच्या भरपगारी रजा
- जादा कामाचा तासाचा दर, नेहमीच्या किमान दीडपट
- पगारवाढीचा महिना
- काम थांबवायचं असेल तर दोन्हीकडून किती दिवस आधी सांगायचं (एक महिना ठीक)

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवा. मावशींना वाचता येत असलं तरी वाचून दाखवा. मग त्यांना विचारा, "यात तुम्हाला काय जड जाईल?" "चालेल ना?" असं विचारू नका. "चालेल ना?" या प्रश्नाला गरजू माणूस नाही म्हणू शकत नाही. पानाचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवा.

सावधान: मावशींना बरं नाही म्हणून बदली कामाला त्यांची बारा वर्षांची मुलगी आली, हे आजही होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. पोरीला एक भांडंही घासू देऊ नका. खाऊ द्या, शाळेत जायला सांगा आणि तिच्याबरोबर निरोप पाठवा की आजचा दिवस रजेचा, पगार कापणार नाही. निरोपातला हा शेवटचा भाग विसरलात तर उद्याही तीच येईल, कारण खाडा वाचवायलाच तिला पाठवलेलं असतं.

३. पगाराचा दिवस पाळा

अनुवाद २४:१५ मध्ये सूर्य मावळण्याआधी मजुरी दे असं सांगितलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या मजुरीवर लागून असतं. यातून घ्यायची व्यावहारिक गोष्ट एकच: तारीख ठरवा आणि ती हलवू नका.

शक्यतो एक तारीख. एक तारीख त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आली तर आदल्या दिवशी द्या, नंतर नको. तुमचा पगार उशिरा होत असेल तर एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम कायम बाजूला ठेवा, म्हणजे तुमच्या कंपनीचा उशीर मावशींच्या घरभाड्यापर्यंत पोचणार नाही.

द्यायची पद्धतही ठरलेली असू द्या. रोख देत असाल तर नोटा मोजून, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी द्या. ओट्याच्या कडेला ठेवून "तिथे ठेवलेत बघा" म्हणू नका. वहीत तारीख आणि रक्कम लिहा, त्यांची सही घ्या आणि तुमचीही करा. खात्यावर पाठवत असाल तर ते खातं खरंच त्यांच्या हातात आहे का, हे एकदा एकांतात विचारा. काही घरांत कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. अशा वेळी त्या सांगतील तसं द्या.

फुटलेल्या कपाचे पैसे पगारातून कापू नका. एकही रुपया नको. ओल्या हातांनी महिन्याला हजारेक भांडी घासणाऱ्या माणसाकडून एखादं फुटणारच. ते भांडं घराच्या खर्चात धरा.

तपासा: पगार मागायची वेळ मावशींवर गेल्या सहा महिन्यांत एकदाही आली का? आली असेल तर त्यांची माफी मागा, कारण सांगत बसू नका. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, असं म्हटलंय.

४. सुट्टी: रविवारपासून सुरुवात करा

ख्रिस्ती घरांतली सर्वांत नकळत होणारी चूक रविवारी घडते. सकाळी सगळे उपासनेला किंवा मिस्साला जातात, दुपारी कुणीतरी जेवायला येतं, मटण होतं, मोठी पातेली निघतात. शब्बाथाच्या आज्ञेत (अनुवाद ५:१४) दास-दासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असं स्पष्ट लिहिलंय. "तुझ्यासारखाच" या शब्दावर थांबा. आपल्या विसाव्याचा सगळा भार त्या दिवशी मावशींच्या पाठीवर टाकला जातो.

बदल असा करा:

शनिवारी संध्याकाळी रविवारच्या जेवणाची अर्धी तयारी करून ठेवा. रविवारी भांडी घरच्यांनी घासायची, आणि मुलग्यांनीही. पाहुणे सहापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाने आपलं ताट स्वतः विसळायचं, हे यजमानांनी हसत सांगावं. सोमवारी सकाळी मोरीत रविवारचा ढीग ठेवून सुट्टीची भरपाई करून घेऊ नका. खरकटी वाळून दगड झालेली पातेली दुप्पट वेळ खातात.

रविवारऐवजी मावशींना दुसरा वार हवा असेल तर तो द्या. त्यांची मुलं शनिवारी घरी असतील, किंवा गुरुवारी त्यांचा उपवास असेल. सुट्टी त्यांची आहे, वार त्यांनी ठरवावा.

भरपगारी रजा वर्षाला बारा-पंधरा तरी धरा. सण कोणते, हे गृहीत धरू नका, विचारा. कुणाला गौरी-गणपती हवा असतो, कुणाला आषाढी, कुणाला १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा, कुणाला ईद, कुणाला गावची जत्रा. बोनस म्हणजे एका महिन्याचा पगार, तो त्यांच्या सणाला द्या. दिवाळी साजरी करणाऱ्या मावशींना नाताळात बोनस मिळाला तर त्यांचा फराळ आणि मुलांचे कपडे उसनवारीवर होतात.

आणि तुम्ही गावाला गेलात म्हणून पगार कापू नका. काम तुम्ही थांबवलंय, त्यांनी नाही. त्या दहा दिवसांतही त्यांच्या घरची चूल पेटवावी लागतेच.

५. कप, खुर्ची, संडास

ही पायरी लेखातली सर्वांत लहान वाटेल, पण बहुतेक घरं इथेच अडतात.

स्वयंपाकघरात जाऊन ओट्याच्या कोपऱ्यात बघा. खिडकीच्या गजामागे किंवा सिंकखाली उपडा घातलेला एक स्टीलचा कप असतो, कडेला जरा पोचा पडलेला. घरातल्या बाकीच्या कपांत तो मिसळत नाही. त्याला नाव नसतं, पण तो कुणाचा हे घरातल्या पाच वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. हा कप आपल्या समाजात कुठून आला, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. प्रभुभोजनात एकाच भाकरीचे वाटेकरी होणाऱ्यांच्या घरात तो असू नये. आज काढून टाका. काढताना भाषण करू नका, नुसता उद्याचा चहा घरातल्या कपात द्या आणि तो कप धुऊन इतर कपांबरोबर लावा.

रूथच्या दुसऱ्या अध्यायात शेतमालक बवाज त्याच्या शेतात सरवा वेचायला आलेल्या परक्या, गरीब रूथेशी कसा वागतो, ते क्रमाने बघा. शेतात आल्यावर कापणी करणाऱ्यांना आधी तो स्वतः नमस्कार करतो (२:४). रूथेला त्रास देऊ नका, अशी ताकीद तो गड्यांना देतो आणि तहान लागली तर भांड्यांतलं पाणी पी, असं तिला सांगतो (२:९). जेवणाच्या वेळी तिला जवळ बोलावून वाढतो (२:१४). ती लाजू नये म्हणून कणसं मुद्दाम गळू द्यायला सांगतो आणि तिला धमकावू नका म्हणतो (२:१५-१६). तुमच्या घरात हे असं उतरवा.

*नमस्कार.* दार उघडल्यावर पहिलं वाक्य कामाचं नको. "या मावशी, बसा जरा" एवढं पुरे. हाक कशी मारायची ते त्यांना विचारा. मावशी, ताई, काकू किंवा नावापुढे बाई, त्यांना आवडेल ते. मुलांनी "ए" म्हणायचं नाही आणि अरे-तुरे करायचं नाही. मुलं मोठ्यांचं ऐकूनच शिकतात, म्हणून आधी मोठ्यांनी सुधारायचं.

*पाणी आणि जेवण.* आल्यावर पाणी, मध्ये चहा. जेवण देत असाल तर आजचं, गरम, टेबलावर. कालचं उरलेलं द्यायचं असेल तर "हे कालचं आहे, हवं का?" असं सांगून द्या आणि नको म्हणायची मोकळीक ठेवा. फ्रीजमध्ये चार दिवस पडलेली भाजी म्हणजे दान नव्हे.

*संडास.* मावशी सकाळी सहाला घर सोडतात आणि पाच घरं करून दुपारी तीनला परततात. मध्ये कुठेच जाता येत नसेल तर त्या पाणी प्यायचंच टाळतात, आणि उन्हाळ्यात त्यातून लघवीची जळजळ सुरू होते. "आमचा संडास वापरत जा" हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा, घरातल्या बाईने सांगा, आणि पाळीच्या दिवसांसाठी पॅड कुठे ठेवले आहेत तेही दाखवा. त्या आपणहून कधीच विचारणार नाहीत.

*सुरक्षितता.* घरात एकटा पुरुष असेल अशा वेळी मावशींना यावं लागतंय का, ते बघा. वेळ बदला किंवा दार उघडं ठेवा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियाही येतात आणि त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे त्यांना माहीत असलं पाहिजे, तुमच्या घरातल्या पुरुषांनाही.

हाताला फोड आणणारी कपड्यांची पावडर, खिडकीच्या बाहेरच्या कडेवर उभं राहून काच पुसणं, फुटलेली काच तशीच कचऱ्यात टाकणं, हे बंद करा. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरायला देऊ नका, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो. लहानशा बंद मोरीत तो लगेच छातीत भरतो. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी लावा. आतले कपडे ज्याचे त्याने धुवावेत.

थांबा: इथवरच्या पाच पायऱ्या निदान तीन महिने नीट चालल्याशिवाय पुढच्या भेटवस्तू, मदत वगैरे सुरू करू नका.

६. चूक सांगायची असेल तर

इफिसकरांस पत्र ६:९ मध्ये धन्यांना धमकावणं सोडा असं सांगितलंय. "जमत नसेल तर सांगा, दुसरी बघते" ही आपल्या घरांतली नेहमीची धमकी आहे. हसत म्हटली तरी ती धमकीच असते.

क्रम असा:

पहिलं, त्याच क्षणी बोलू नका. रागाचा दिवस जाऊ द्या. दुसरं, एकट्याने एकटीला सांगा (मत्तय १८:१५ मध्ये भावाबद्दल हीच पद्धत दिली आहे). पाहुण्यांसमोर, मुलांसमोर किंवा जिन्यात नको. तिसरं, एका वेळी एकच गोष्ट, आणि ती माणसाबद्दल नव्हे तर कामाबद्दल. "तुमचं लक्षच नसतं" म्हणू नका. "मावशी, कुकरच्या झाकणाच्या रबराखाली खरकटं राहतंय, ते काढून घासाल का?" असं म्हणा. चौथं, विचारा: "यात माझ्याकडून काय हवंय?" बऱ्याचदा उत्तर साधं असतं. घासणी झिजलेली असते, नळाला धार नसते, किंवा तुम्ही नऊला या म्हणता आणि पाणी साडेनऊला जातं.

उलट दिशेचीही सोय हवी. ईयोब म्हणतो, माझ्या दासदासींनी माझ्याविरुद्ध गाऱ्हाणं आणलं तेव्हा मी ते धुडकावलं असेल तर देव उठेल तेव्हा मी काय करू? महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशीच, विचारा: "या महिन्यात आमचं काही चुकलं का?" पहिले तीन-चार महिने "नाही हो" असंच उत्तर येईल. विचारत राहा. ज्या दिवशी खरं उत्तर येईल त्या दिवशी बाजू मांडू नका. नुसतं वहीत लिहा आणि आठवड्याच्या आत दुरुस्त करा.

७. वस्तू हरवली तर

कानातलं सापडत नाही आणि घरात पहिलं नाव मावशींचं निघतं. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा (निर्गम २०:१६) अशाच वेळी मोडते, तीही अर्ध्या वाक्यात.

दोन दिवस कुणाजवळही त्यांचं नाव काढू नका, शेजारी तर मुळीच नाही. घरातल्यांनी स्वतः शोधायचं: अंथरुणाच्या घडीत, कपड्यांच्या खिशांत, वॉशिंग मशीनच्या फिल्टरमध्ये, प्रवासाच्या बॅगेत. मग घरातल्या प्रत्येकाला विचारल्यावर त्याच सुरात मावशींनाही विचारा: "कानातलं दिसत नाहीये, झाडताना कुठे दिसलं का?" पिशवी तपासायची नाही. घराघरांत बातमी पोचली तर एका संशयाने त्यांची पाचही कामं जातात. वस्तू सापडली तर ती कुठे सापडली हे त्यांना लगेच सांगा आणि संशय बोलून दाखवला असेल तर सगळ्या घरासमोर माफी मागा.

८. उचल

उचल देणं ही मदत आहे, पण चुकीच्या पद्धतीने दिली तर तो खुंटा होतो. नियम चार.

हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. पगार ६,००० असेल आणि उचल ६,०००, तर महिना ६०० प्रमाणे दहा महिने. व्याज नाही. एक उचल फिटण्याआधी खरंच गरज पडली तर जुनीचा उरलेला भाग सोडायचा की नवी वाढवायची, हे वहीसमोर बसून ठरवा, तोंडी नको. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: "उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही" हे वाक्य या घरात कधीच उच्चारायचं नाही. काम सोडताना राहिलेली रक्कम सोडून देण्याची तयारी असेल तेवढीच उचल द्या.

दवाखान्याचा खर्च आणि मुलांची फी यांसाठी शक्य असेल तर उचल नको, सरळ द्या. उजव्या हाताचं डाव्याला कळू न देता.

९. प्रार्थना आणि विश्वासाच्या बाबतीत

मावशींच्या अडचणीसाठी प्रार्थना करायची असेल तर आधी त्यांना विचारा, आणि नको म्हणाल्या तर विषय संपला. त्यांच्या नवऱ्याचं दारू पिणं, मुलीचं पळून जाणं घरगुती सभेत विनंती म्हणून मांडू नका. सभेतल्या दहा बायका त्याच इमारतींतल्या असतात आणि चार दिवसांत ते मावशींच्या दुसऱ्या मालकिणीपर्यंत पोचतं. नाव न घेता, तपशील न देता, घरात गुडघे टेकून करा.

कामाच्या वेळेत सभेला बसवणं, पत्रकं देणं, "चर्चला आलात तर" अशी अट मदतीला जोडणं, हे सगळं टाळा. ज्यांचा पगार तुमच्या हातात आहे त्यांना तुमच्या आमंत्रणाला मोकळेपणी नाही म्हणता येत नाही. त्यांनी आपणहून काही विचारलं तर मोकळेपणाने सांगा.

१०. सरकारी कागद एका दुपारी उरका

मावशींना कामावरून लवकर सोडून, त्या वेळेचा पगार देऊन, घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने हे त्यांच्याबरोबर बसून करावं.

महाराष्ट्रात २००८ च्या कायद्यानुसार घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी होते, आणि त्यासाठी मालकाचा दाखला लागतो. दाखला द्यायला बरीच घरं कचरतात, त्यात काही अडकेल म्हणून. द्या. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात बाकी कागदांची यादी मिळते.

ई-श्रम ही असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंदणी १६ ते ५९ वयापर्यंत होते, आधारला जोडलेला मोबाइल नंबर हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांपर्यंत विमा मिळतो, वय १८ ते ७०. हप्ता मे महिन्यात खात्यातून आपोआप जातो, आणि खात्यात नेमके तेव्हा २० रुपये नसले की विमा बंद पडतो. मे महिन्याच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. चाळिशीच्या आतल्या ताईंसाठी श्रमयोगी मानधन योजना बघा: वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये, तेवढेच सरकार घालतं आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. त्यांचा हप्ता तुम्ही भरू शकलात तर उत्तम.

११. निरोप

काम कधीतरी संपतं. तुम्ही गाव बदलता, त्यांचे गुडघे जातात. अनुवाद १५:१३-१४ मध्ये सेवा संपवून जाणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून उदारपणे दे, असं सांगितलंय. यासाठी आकडा लागतो, आणि तो आयत्या वेळी निघत नाही.

नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा घरांना लागू नाही, पण त्याचं गणित वापरता येतं: शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पगार ६,००० आणि सात वर्षं झाली असतील तर साधारण २४,२३० रुपये. एकदम जड वाटेल. म्हणून आजपासून महिना ३०० रुपये वेगळ्या पाकिटात किंवा आवर्ती खात्यात टाकत जा, आणि पगार वाढला की तेही वाढवा.

तुम्ही थांबवत असाल तर एक महिना आधी सांगा आणि त्या महिन्यात शेजारी, मंडळीत नवीन काम शोधून द्या. दोन ओळींचं पत्र लिहून द्या, सही आणि फोन नंबर घालून. शेवटच्या दिवशी भांडी घासायला लावू नका. चहा करा, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून प्या, वहीतला शेवटचा हिशेब वाचून दाखवा, राहिलेली उचल त्यांच्यासमोर काट मारून बंद करा, पाकीट त्यांच्या हातात द्या आणि पिशवी घेऊन खाली रिक्षापर्यंत जा.